विभाजनानंतरची दोन वर्षे : उपनगरातील एका स्काऊट-गाईड जिल्हा कार्यालयाच्या सेवेचे परीक्षण

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका अनुदानित मराठी शाळेत मी गेली एकवीस वर्षे गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या गाईड पथकाची प्रमुख शिक्षिका, म्हणून काम करते. आमची शाळा ज्या स्काऊट-गाईड जिल्ह्यात मोडत होती तो आता आवाक्याबाहेर गेला आहे, अशी तक्रार दरवर्षीच्या वार्षिक सभेत होत असे. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये अखेर त्याचे दोन भाग झाले आणि आम्ही पश्चिमेकडच्या नव्या जिल्ह्यात आलो. या नव्या जिल्हा कार्यालयाकडून शाळांना, पथकांना आणि आमच्यासारख्या शिक्षकांना दोन वर्षांत कशी सेवा मिळाली, हे येथे लिहिते आहे. जुन्या आणि नव्या दोन्ही कार्यालयांची नावे मी मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण तेथे राबणारी बहुतेक माणसे मानद आहेत आणि त्यांच्यातल्या काहींशी मला येत्या शनिवारीही बोलायचे आहे.

आठवड्याची पथकसभा शाळेच्याच मैदानात भरते आणि शिकवणारे शिक्षकही शाळेचेच असतात, मग जिल्हा कशाला लागतो, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. पथकाची वार्षिक नोंदणी, पदके आणि स्कार्फ, सोपानांच्या चाचण्या, शिबिराची परवानगी आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ही सगळी कामे जिल्ह्याकडून होतात. मुलगी प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान अशा पायऱ्या चढत राज्य पुरस्कारापर्यंत आणि पुढे राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाते. प्रत्येक पायरीनंतर ठरावीक महिने काम केल्याखेरीज पुढची पायरी खुली होत नाही, त्यामुळे जिल्ह्याने एक चाचणी पुढे ढकलली की आठवीतल्या मुलीचे वेळापत्रक दहावीपर्यंत विस्कटते. दहावीला मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांमुळे या तारखांकडे पालकही आता डोळ्यांत तेल घालून पाहतात. गुणांसाठी गाईड होणे मला फारसे पटत नाही, पण ज्या घरात अकरावीच्या प्रवेशाची चिंता नववीपासूनच सुरू होते, त्या घरात जाऊन मी कोणाला उपदेश करणार?

जुने कार्यालय मध्य रेल्वेच्या बाजूला होते. नकाशावर ते आमच्या शाळेपासून फार लांब दिसत नसे, पण मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये कोणी मोजत नाही. शाळेपासून स्टेशनापर्यंत शेअर रिक्षा, तेथून दादरपर्यंत धीमी लोकल, दादरचा पूल ओलांडून मध्य रेल्वेची गाडी आणि उतरल्यावर पुन्हा बस, असा तो प्रवास असे. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर निघाले तर कार्यालय गाठेपर्यंत दीड वाजे, आणि तोवर लिपिक जेवायला उठलेले असत. एका पावसाळ्यात बारा पदकांसाठी मी तीन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी पदके मिळाली, पण ती बुलबुलची, म्हणजे गाईडांहून लहान मुलींच्या शाखेची निघाली.

प्रवासाचा त्रास मी तरीही सोसला असता, कारण या शहरात त्यावाचून कोणाचेच भागत नाही. माझी खरी तक्रार वेगळी होती. एकोणीस वर्षांत आमची पथकसभा प्रत्यक्ष पाहण्यासाठी जिल्ह्याचे पदाधिकारी दोनदा आले, आणि त्यांपैकी एक भेट मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाला जोडून उरकण्यात आली होती. माझ्या पथकात किती संघ आहेत, संघनायिका कोण आहेत, मला नकाशावाचन नीट शिकवता येते की नाही, यातले काहीही जिल्ह्याला माहीत नव्हते. परिपत्रक येई, अहवाल जाई. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा तो कारभार होता, आणि तो हाकणाऱ्यांना दोष तरी काय द्यावा, कारण शेळ्याच इतक्या झाल्या होत्या की एका माणसाच्या नजरेत त्या मावत नव्हत्या.

नजरेत किती मावते, हा प्रश्न या चळवळीच्या मुळाशीच आहे. चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले तेव्हा वीसेक मुले होती आणि त्यांचे चार संघ पाडलेले होते. पुढे पथकाची कमाल संख्या सांगताना त्यांनी बत्तीस हा आकडा दिला आणि त्याचे कारणही मोठे मिस्कील दिले. आपल्याला स्वतःला सोळाच मुलांकडे नीट लक्ष देता येते, इतरांची कुवत आपल्यापेक्षा दुप्पट असेल असे धरले तर बत्तीस होतात, असा तो हिशेब होता. आपल्याकडेही सहा ते आठ मुलांचा संघ आणि बत्तिसांपर्यंतचे पथक हीच मोजणी चालते. मुलांच्या बाबतीत एवढी काटेकोर असलेली संघटना पथकांच्या बाबतीत मात्र बेहिशेबी वागते आणि एका जिल्ह्याच्या गळ्यात पथकांमागून पथके अडकवत जाते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. अमेरिकेतील स्काऊट संघटनेत जिल्ह्याच्या खाली पथकांना भेटी देणारे स्वयंसेवक आयुक्त असतात आणि एकाकडे साधारण तीनच पथके असावीत असा तेथील संकेत आहे. आपल्याकडे तीन पथकांमागे एक आयुक्त मिळेल, असे स्वप्नही मी पाहत नाही. परंतु जिल्हा किती मोठा असावा हे क्षेत्रफळावरून ठरवण्याऐवजी भेट देणारी माणसे किती आहेत यावरून ठरवावे, ही दृष्टी त्यात आहे आणि ती मला बरोबर वाटते.

विभाजनाला विरोध करणारेही होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. एका ज्येष्ठ स्काऊट मास्टर सरांनी सभेत उभे राहून इतिहासाचा दाखला दिला. भारतात १९०९ मध्ये स्काऊटिंग आले ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. भारतीय मुलांसाठी ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी त्यानंतर लगोलग वेगळ्या संस्था उभारल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊट संस्थांचे एकत्रीकरण होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना जन्माला आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तिच्यात सामील झाली. जोडण्यासाठी ज्यांनी एवढे कष्ट घेतले त्यांच्या चळवळीत तोडण्याची भाषा शोभत नाही, असे सरांचे म्हणणे पडले. सभेत टाळ्या पडल्या. त्यावर मागच्या रांगेतून एका तरुण शिक्षकाने शांतपणे विचारले, "सर, आपल्या शाळेत जिल्ह्याचं माणूस शेवटचं कधी आलं होतं?" सर थोडे हसले आणि खाली बसले.

महसुली जिल्ह्यांचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी झाला आणि आज तोच अवाढव्य आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, तर उपनगरची सुमारे ९४ लाख होती. एक कोटीच्या वर गेलेल्या ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. स्काऊटिंगच्या सीमा महसुली सीमांवरूनच आखायला हव्यात असेही नाही. याच मुंबईत मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे यांच्या स्काऊट-गाईड संघटनांना स्वतंत्र राज्याचा दर्जा आहे, म्हणजे एकाच स्टेशनाच्या परिसरात दोन 'राज्ये' नांदू शकतात. कामाच्या सोयीने सीमा आखण्याची मुभा संघटनेत पहिल्यापासून आहे.

आमच्या विभाजनात ही मुभा अर्धीच वापरली गेली. जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करायचे, हा निर्णय योग्य होता, कारण मुंबईत दक्षिणोत्तर जाणे जितके सोपे तितकेच पूर्व-पश्चिम जाणे अवघड आहे. बोरिवलीहून अंधेरीला शाळकरी मुलगीही एकटी जाईल, पण गोरेगावहून मुलुंडला स्काऊटांचे पथक न्यायचे म्हटले की जाणत्या शिक्षकालाही आदल्या दिवशी वाटा काढत बसावे लागते. सीमारेषा मात्र कोणीतरी टेबलावर बसून पिन कोडप्रमाणे ओढली, आणि तिच्या कडेच्या काही शाळांचे हाल झाले. पवई आणि साकीनाक्याच्या बाजूच्या दोन शाळा पूर्वेकडे गेल्या. त्यांच्या मुलांना वर्सोवा ते घाटकोपर ही २०१४ पासून धावणारी मेट्रो दोन्ही बाजूंना सारखीच सोयीची आहे, तेव्हा त्या कोठेही गेल्या असत्या तरी चालले असते. पण डोंगर उतरून पश्चिमेलाच येणारी बस ज्यांना आहे, अशी एक शाळाही त्यांच्याबरोबर पूर्वेकडे ढकलली गेली. तेथील कॅप्टन बाई आजही आमच्याकडे येऊन पदके घेतात आणि पावती पूर्वेच्या नावाने फाडून नेतात. शाळेच्या दाराशी कोणती बस थांबते, एवढे विचारून रेषा ओढली असती तरी हे टळले असते.

आता प्रत्यक्ष कार्यालयाविषयी. ते एका शाळेच्या तळमजल्यावरील, पूर्वी प्रयोगशाळेचे सामान ठेवण्याच्या खोलीत आहे, आणि भिंतीवर अजूनही आवर्त सारणीचा जुना तक्ता लटकतो. एक पोलादी कपाट, एक टेबल, प्रिंटर, आणि खिडकीखाली पदकांचे खण. हे खण मला फार आवडले. चपटे प्लास्टिकचे डबे असून प्रत्येकावर पदकाचे नाव आणि आत एका चिठ्ठीवर शिल्लक संख्या लिहिलेली असते. पदक दिले की चिठ्ठीवरचा आकडा खोडून खाली नवा लिहितात. एवढ्या साध्या व्यवस्थेमुळे, आहे की नाही या प्रश्नाचे उत्तर फोनवरच मिळते आणि पदकांसाठी घातलेली एकही फेरी दोन वर्षांत माझी फुकट गेली नाही. कार्यालय मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात आणि शनिवारी दुपारी उघडे असते. शिक्षकांना मोकळा वेळ कधी असतो, याचा विचार करून वेळ ठरवणारे कार्यालय मी पहिल्यांदाच पाहिले. नोंदणी आता ऑनलाइन होते, पण ज्यांना ती जमत नाही अशा निवृत्तीला टेकलेल्या शिक्षकांना शेजारी बसवून अर्ज भरून देणारा एक रोव्हर, म्हणजे स्काऊटच्या तरुण शाखेतला मुलगा, तेथे असतो. चहा मिळतो. तो फार गोड असतो.

पहिले वर्ष मात्र इतके सुरळीत गेले नाही, आणि त्या वर्षाचा हिशेब मांडल्याशिवाय या सेवेला गुण देणे बरोबर होणार नाही.

माझ्या पथकातील पाच मुलींचे राज्य पुरस्काराचे अर्ज त्या वर्षी जायचे होते. विभाजन जूनमध्ये झाले असले तरी नव्या जिल्ह्याचा शिक्का बनायला बरेच महिने लागले. तोवर कागदावर नव्या जिल्ह्याचे नाव, खाली नव्या पदाधिकाऱ्यांची सही आणि तिच्यावर जुन्या जिल्ह्याचा गोल शिक्का, असे अर्ज पुढे जात होते. ते 'नाव व शिक्का जुळत नाही' असा शेरा मारून परत आले. त्याहून मोठी अडचण पुढेच होती. मुलींच्या तृतीय सोपानाच्या नोंदी जुन्या कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये होत्या, आणि विभाजनाच्या वेळी टेबल कोणाकडे आणि पंखा कोणाकडे याची यादी झाली असली तरी रजिस्टरांच्या प्रती काढून द्याव्यात हे कोणाला सुचले नव्हते. जुन्या कार्यालयात गेले तर "तुमचा जिल्हा आता आमच्याकडे नाही, बाई," असे उत्तर मिळे, आणि नव्या कार्यालयात "जुन्या नोंदी आमच्याकडे आलेल्याच नाहीत," असे. मी दोन शनिवार आणि एक पूर्ण रजा खर्ची घालून, जुन्या रजिस्टरच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ते साक्षांकित करून घेतले. चार मुलींचे अर्ज मार्गी लागले. पाचवीच्या नोंदीचे पान चाचणीच्या वेळी दुसऱ्या रजिस्टरमध्ये गेले होते आणि ते वेळेत सापडले नाही. ती दहावीत होती, तेव्हा तिला पुढची संधी उरली नव्हती. पान नंतर मार्चमध्ये सापडले. तिच्या आईने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि ते अधिकच जड गेले.

एवढे होऊनही मी नव्या जिल्ह्याच्या बाजूने आहे, कारण चाचण्यांचा दर्जा या दोन वर्षांत जितका सुधारला तितका मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. मोठ्या जिल्ह्यात तृतीय सोपानाची चाचणी म्हणजे एक जत्रा असे. सभागृह भरून मुली, समोर माइकवर परीक्षक, आणि "सगळ्यांनी क्लोव्ह हिचची गाठ बांधून दोर वर करा" असा हुकूम. दोरांचे जंगल वर जाई, परीक्षक वहीत खुणा करीत आणि शेजारणीच्या हातातला दोर ओढून वर धरणारी मुलगीही उत्तीर्ण होई. त्यातच तो रविवार मेगाब्लॉकचा निघाला तर अर्ध्या शाळा दुपारी पोहोचत, आणि त्यांची चाचणी जेवणाच्या रांगेतच उरकली जाई.

गेल्या डिसेंबरमध्ये नव्या जिल्ह्याची चाचणी एका शाळेच्या मैदानात झाली. मुली मोजक्याच, परीक्षक चार. माझ्या पथकातील आठवीच्या एका मुलीने एका हाताने कमरेभोवती बोलाइनची गाठ बांधून दाखवली आणि शाबासकीच्या अपेक्षेने वर पाहिले. परीक्षक बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी काही न बोलता दोर सोडायला लावला, तो पाण्याच्या बादलीत बुचकळला, पुन्हा बांधायला लावला आणि दोन मुलींना त्याची दोन टोके धरून जोराने ओढायला सांगितले. मग म्हणाल्या, "आता सोड." मुलीची नखे दुखली असतील, पण गाठ सुटली. बाईंनी तेवढ्यात तिला विचारले की हीच गाठ कशासाठी, दुसरी का नाही. मुलीने थोडा विचार करून उत्तर दिले, "वजन आलं तरी फास आवळत नाही, आणि नंतर सुटते." भिजलेल्या दोरावरची गाठ तिला शाळेत मी कधी शिकवली नव्हती, ही माझी चूक त्या दिवशी माझ्या लक्षात आली. पुढच्याच आठवड्यात आमच्या पथकसभेत बादली आली. मुलगी पास झाली की नापास, एवढ्यापुरती ही चाचणी उरली नाही. कॅप्टनलाही तिने काहीतरी शिकवले, आणि एका परीक्षकासमोर मोजक्याच मुली बसल्याशिवाय ते घडत नाही.

भेटींचेही तसेच. दोन वर्षांत आमच्याकडे चार भेटी झाल्या. त्यांपैकी एका भेटीत जिल्ह्याच्या बाई काही न सांगता संघाच्या कोपऱ्यात मुलींबरोबर जमिनीवर बसल्या आणि अर्ध्या तासाने मला म्हणाल्या की तुमच्या संघनायिका तुमच्याकडे पाहून बोलतात, संघाकडे पाहून बोलत नाहीत. ऐकताना राग आला, पण ते खरे होते.

आता तोट्याची बाजू. जिल्हा निम्मा झाला तरी त्याचे खर्च निम्मे होत नाहीत. नोंदणी शुल्कातील जिल्ह्याचा वाटा सभासदांच्या संख्येप्रमाणे येतो, म्हणजे तो घटला, पण वीजबिल, प्रिंटर, हिशेब तपासणी, वार्षिक सभा आणि वार्षिक अहवाल हे सगळे पूर्वी एकदा होत असे ते आता दोनदा होते. त्यावर आपल्या संघटनेची रचना अशी की स्काऊट आणि गाईड या दोन शाखा समांतर चालतात. आयुक्त स्काऊटचे वेगळे आणि गाईडचे वेगळे, प्रशिक्षणाचेही तसेच. म्हणून एक जिल्हा वाढला की एकेक पद दोनदा भरावे लागते. काम करणारी माणसे मात्र तीच, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या नव्या जिल्ह्यात स्काऊट शाखेची पदे पहिल्याच महिन्यात भरली आणि गाईड शाखेचे मुख्य पद सात महिने रिकामे राहिले, कारण संध्याकाळी उशिरापर्यंत थांबू शकणारी आणि घरून परवानगी मिळवायची वेळ न येणारी बाई मिळेना. त्या सात महिन्यांत गाईडांची कामे स्काऊटचे पदाधिकारी करीत होते. त्यांनी ती प्रामाणिकपणे केली, पण मुलींच्या निवासी शिबिराचे नियोजन पुरुषांच्या समितीने केले तर स्वच्छतागृहांचा मुद्दा यादीत अकराव्या क्रमांकावर जातो, हा अनुभव मी घेतला आहे.

शिबिराच्या सामानाची वाटणी तर सांगण्यासारखी झाली. तंबू मोजून सारखे वाटले, लाठ्या वाटल्या, दोर वाटले. भाताचे मोठे पातेले आमच्याकडे आले आणि त्याचे झाकण पूर्वेकडे गेले. यादीत ते 'झाकण, मोठे, १' असे स्वतंत्र नोंदवलेले होते. गेल्या वर्षीच्या शिबिरात आम्ही पातेल्यावर परात उपडी घालून तिच्यावर विटा ठेवल्या. पूर्वेकडच्या लोकांनी त्या झाकणाचे काय केले, हे मी अजून विचारलेले नाही.

सगळ्यात मोठी उणीव प्रशिक्षणाची आहे. नवीन शिक्षकांसाठीचा सात दिवसांचा बेसिक कोर्स घ्यायचा तर पुरेसे प्रशिक्षणार्थी आणि पुरेसे प्रशिक्षक एका जागी जमावे लागतात. लहान जिल्ह्यात दोन्ही कमी पडतात. पहिल्या वर्षी आमच्या जिल्ह्याचा कोर्स झालाच नाही, आणि दोन शाळांतील पथके अप्रशिक्षित शिक्षकांच्या हाती वर्षभर चालली. दुसऱ्या वर्षी शहाणपण सुचून दोन्ही जिल्ह्यांनी मिळून एकच कोर्स घेतला आणि तो उत्तम झाला. चाचण्या, भेटी आणि पदके या कामांसाठी जिल्हा लहान हवा, प्रशिक्षण आणि मोठे मेळावे यांसाठी तो मोठाच बरा, हे विभाजनापूर्वीच लिहून ठरवायला हवे होते. २२ फेब्रुवारीचा, म्हणजे बेडन-पॉवेल यांच्या जन्मदिवशी होणारा चिंतन दिनाचा मेळावाही पहिल्या वर्षी वेगवेगळा झाला आणि दोन्हीकडे फिका पडला. शेकडो गणवेश एका मैदानात पाहून पाचवीतल्या मुलीच्या डोळ्यांत जे येते, ते निम्म्या मैदानात येत नाही.

विभाजनाला पर्यायही होता आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही, याची खंत आहे. जिल्ह्याच्या अंतर्गत स्थानिक संस्था स्थापन करण्याची तरतूद आपल्या नियमांत आहे. अंधेरी, मालाड, बोरिवली अशा ठिकाणी स्थानिक संस्था उभ्या करून त्यांच्याकडे भेटी, चाचण्या आणि पदकांचे खण सोपवले असते, आणि हिशेब, नोंदणी, प्रशिक्षण जिल्ह्याकडेच ठेवले असते, तर नवा शिक्का लागला नसता आणि त्या मुलीचे पानही हरवले नसते. स्थानिक संस्था कागदावरच राहतात, असे यावर सांगितले जाते. ते खरेही आहे, पण माणसे न देता काढलेला नवा जिल्हाही कागदावरच राहू शकतो. आमचा राहिला नाही, याचे श्रेय विभाजनाच्या आदेशाला देता येणार नाही. संध्याकाळी साडेपाचला प्रयोगशाळेच्या त्या खोलीचे कुलूप काढणाऱ्या तिघा-चौघांना ते द्यावे लागेल. त्यांपैकी दोघे उद्या बदली होऊन गेले तर काय, हा प्रश्न मी कार्यालयात विचारला तेव्हा कोणीच पटकन उत्तर दिले नाही. आता पश्चिमेचेही आणखी दोन भाग करण्याची कुजबुज ऐकू येते. तसे झाले तर मी विरोधात मत देईन, कारण त्यापुढे एक ना धड, भाराभर चिंध्या अशी अवस्था होईल.

गुण द्यायचेच तर कार्यालयाच्या दैनंदिन सेवेला मी पाचपैकी चार देईन, चाचण्या आणि भेटींना साडेचार, प्रशिक्षणाला दोन, आणि विभाजन ज्या रीतीने अमलात आणले गेले त्या रीतीला दीड. ज्या शाळा अजून मोठ्या जिल्ह्यात आहेत आणि विभाजनाची मागणी करीत आहेत, त्यांच्या प्रतिनिधींनी सभेला जाताना तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: जुन्या रजिस्टरांच्या प्रती कोणत्या तारखेला मिळणार, गाईड शाखेची पदे कोण भरणार, आणि शिक्का कधी येणार. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ठरावाला हात वर करू नये.

आमच्या पथकाच्या भेटवहीत पुढच्या भेटीची तारीख या वेळी जिल्ह्याच्या बाईंनी स्वतःच लिहून ठेवली आहे, जुलैचा तिसरा शनिवार, आणि खाली पेन्सिलीने 'बादली तयार ठेवणे' अशी सूचना आहे.